मंडपातले दिवे पंधरा मिनिटं बंद कराल का?

प्रति,
कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, कुद्रेमनी, बेळगुंदी आणि बेळगाव-खानापूर भागातल्या बाकी सगळ्या गावांच्या मराठी साहित्य संमेलनांचे संयोजक,

सप्रेम नमस्कार.

भाताची मळणी उरकली की तुमच्या निमंत्रणपत्रिका यायला लागतात. गेली वीसेक वर्षं मी जमेल तेवढ्या संमेलनांना येतो. पुढच्या रांगेत नसतो, मंडपाच्या मागच्या बाजूला, मोटारसायकली लावतात तिथे उभा असतो. सकाळी ग्रंथदिंडी, लेझीम, भजनी मंडळ, फेटे बांधलेल्या पोरी. मग उद्घाटन, परिसंवाद, कथाकथन, गावजेवण आणि शेवटी कविसंमेलन. वर्गणी गोळा करून, रजा टाकून, सतरंज्या स्वतः उचलून तुम्ही हे करता, ते मी बघत आलोय. म्हणून हे पत्र तक्रारीचं असलं तरी घरच्या माणसाने घरच्या माणसाला लिहिलेलं समजा.

तक्रार अशी. दोन वर्षांपूर्वी तुमच्यापैकीच एका गावच्या संमेलनात पुस्तकांच्या स्टॉलवर मी विज्ञानकथांची पुस्तकं मागितली. स्टॉलवरच्या पोराने खाली वाकून, शोधून, स्पर्धा परीक्षेचं 'सामान्य विज्ञान' काढून दिलं. म्हटलं, हे नको, गोष्टींचं हवंय. तर त्याने बालवाङ्मयाच्या ढिगाकडे बोट केलं. तिथे इसापच्या कोल्ह्याशेजारी, कोपरे दुमडलेले, जयंत नारळीकर पडले होते. त्या पोराची चूक नाही. आपण सगळ्यांनीच ही पुस्तकं कुठे ठेवायची ते ठरवून टाकलंय: एक तर परीक्षेला, नाही तर पोरांना. साहित्य म्हणून मंडपात आणायची नाहीत. वीस वर्षांत सीमाभागातल्या ज्या ज्या संमेलनांना मी आलो, तिथे विज्ञानकथेवर एकही सत्र ऐकलं नाही. एकदा एका वक्त्याने 'साहित्य आणि विज्ञान' असा विषय घेतला होता, पण तो पुष्पक विमानापासून सुरू झाला आणि तिथेच उतरला.

मी कोण, तेही सांगतो. मी बेळगावच्या उद्यमबागेत, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत, टर्नर आहे. फाउंड्रीतून ओतून आलेले जॉब लेथवर चढवायचे, बोअर मारायचे, मापात आणायचे. सव्वीस वर्षं झाली. शिक्षण आयटीआय. विज्ञानाचा माणूस म्हणावा असा मी नाही. आहे तो वाचक. पण ही पुस्तकं मी ज्या हाताने वाचतो त्या हाताला लोखंडाचा वास आहे, आणि त्यामुळे मला त्यात जे दिसतं ते प्राध्यापकांना दिसत नसावं असा माझा दावा आहे.

उदाहरणच देतो. ज्यूल व्हर्न मराठी पोरांच्या हातात पडला तो भा. रा. भागवतांच्या अनुवादांमुळे. माझ्याही हातात तसाच पडला. चंद्रावर तोफेने माणसं पाठवायची ती कादंबरी मूळची १८६५ची. पुढे ती मी डिक्शनरी मांडीवर घेऊन इंग्रजीतूनही वाचली, आणि मधल्या एका प्रकरणाशी अडकलो ते अडकलोच. तोफ ९०० फूट लांब. ती फ्लोरिडात जमिनीतच खड्डा खणून ओतायची. भोवती १२०० भट्ट्या. एका इशाऱ्यासरशी सगळ्यांची तोंडं फोडायची आणि १२०० पाटांतून बिडाचा रस एकदम खड्ड्यात. इतर वाचक हे वाचून पुढे चंद्राकडे जात असतील. माझ्या मात्र अंगावर काटा आला. आमच्या भट्टीतून एका वेळी अर्धा टन रस निघतो, तेवढ्यालासुद्धा साचा जरा ओलसर राहिला तर रस उसळतो, पळा पळा होते. वाळूत वाफ कोंडली की जॉबमध्ये ब्लोहोल. वरून गुळगुळीत दिसतो, मी टूल लावलं आणि दोन मिलिमीटर कातलं की आत उंदराने पोखरल्यासारखं भोक. मग शिव्या मोल्डरला, म्हणजे साचा करणाऱ्याला. आता ९०० फुटांच्या खड्ड्यात पाणी झिरपणार नाही, मधला कोअर, म्हणजे नळी पोकळ राहावी म्हणून आत उभा केलेला गाभा, तरंगून वाकडा होणार नाही, याची काळजी कोण करणार? तर व्हर्नने केली आहे! कोअर कशाचा, तर चिकणमाती आणि वाळू, त्यात गवत आणि पेंढा घालून. आमच्याकडे वाळू बांधायला काकवी वापरत आलेत, त्याच जातीची ही अक्कल. ओतून झाल्यावर जमीन आठवडेच्या आठवडे इतकी तापलेली की जवळ जाता येत नाही, हेही त्याने लिहिलंय. दीडशे वर्षांपूर्वीचा फ्रेंच लेखक, पण कुठल्या तरी फाउंड्रीत उभा राहून त्याने घाम पुसला असणार, असं मला त्या पानांवरून वाटतं.

आणि तोच व्हर्न पुढे सपशेल चुकतो, त्यातही मजा आहे. डायरीच्या मागच्या पानावर मी हिशेब मांडला. सुटताना गोळ्याचा वेग सेकंदाला सुमारे ११ किलोमीटर, आणि तो वेग गाठायला अंतर किती, तर फक्त तोफेच्या नळीएवढं. म्हणजे आतल्या माणसाचं वजन त्या क्षणी वीस हजार पटींहून जास्त वाढणार. साठ किलोचा माणूस बाराशे टनांचा. त्याची चटणीसुद्धा शिल्लक राहणार नाही. व्हर्नने धक्का सोसायला खाली पाणी भरलंय, पण त्या पाण्याने काय होतंय? तरीही १०४ वर्षांनी, १९६९ साली, अपोलो ११ उडालं ते फ्लोरिडातूनच. जागा बरोबर, तोफ चूक. एका पुस्तकात दोन्ही सापडणं आणि दोन्ही आपल्या आपण पडताळता येणं, हा आनंद मला कवितेने दिलेला नाही. (कवींनी राग मानू नये. कवितेने दुसरं पुष्कळ दिलंय.)

हे वेड लागलं कुठून, ते विचाराल तर एका कवडशातून.

१६ फेब्रुवारी १९८०. त्या दिवशीच्या सूर्यग्रहणाचा खग्रास पट्टा अंकोल्याकडून रायचूरकडे गेला होता. आमचं गाव त्याच्या उत्तरेला राहिलं, पण सूर्य बराचसा झाकला होता. मी सात वर्षांचा. आईने दुपारीच दारं-खिडक्या लावून घेतल्या, पाण्याच्या घागरीत तुळशीचं पान टाकलं आणि आम्हा भावंडांना मधल्या खोलीत बसवलं. "भाईर बघू नकोस, डोळं जातील." रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. आमचं घर कौलारू. एरवी दुपारी उन्हं कलली की कौलांच्या फटींतून शेणाने सारवलेल्या जमिनीवर गोल गोल कवडसे पडायचे, त्यांच्यावर पाय ठेवत आम्ही खेळायचो. त्या दुपारी बघतो तर एकही कवडसा गोल नाही. जमिनीवर दहा-बारा चंद्रकोरी पडलेल्या. सगळ्या एकाच बाजूला तोंड केलेल्या, आणि हळूहळू बारीक होत चाललेल्या. आई म्हणाली, देवाचं काहीतरी आहे, हात जोड. मी हात जोडले, आणि जोडलेल्या तळव्यांवर एक कोर पडली.

त्या कोरींचा अर्थ मला बारा-तेरा वर्षांनी कळला, शहरातल्या एका वाचनालयात, मुखपृष्ठ फाटलेल्या एका विज्ञानाच्या पुस्तकात. कवडसा गोल असतो तो भोक गोल असतं म्हणून नव्हे. भोक कसंही असो, लहान असलं की जमिनीवर पडतं ते सूर्याचं चित्र. सूर्य गोल म्हणून कवडसा गोल, सूर्याची कोर झाली की कवडशाची कोर. म्हणजे आईने दारं लावून ग्रहण बाहेर ठेवलं होतं आणि ते कौलांतून घरात येऊन जमिनीवर बसलं होतं. ते वाचून मी वाचनालयातून चालत घरी आलो. बस सोडली.

नारळीकर नंतर आले. कोल्हापुरात जन्मलेला माणूस, म्हणजे आमच्या हिशेबाने शेजारचा. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या टोपणनावाने. आपल्याच आद्याक्षरांची उलटापालट करून. नावाचा दबाव परीक्षकांवर पडू नये म्हणून. पहिलं बक्षीस मिळालं, आणि तिथून ते कथाकार झाले. पण माझ्या डोक्यात बसली ती उजव्या सोंडेच्या गणपतीची कथा, मोबियसच्या पट्टीवर बेतलेली, डाव्याचं उजवं होणारी. मोबियसची पट्टी म्हणजे कागदाची पट्टी अर्धा पीळ देऊन टोकाला टोक चिकटवायची. मग तिला दोन बाजू राहत नाहीत, एकच राहते. मी इन्स्पेक्शन रिपोर्टच्या मागच्या कोऱ्या भागाची पट्टी कापून जेवणाच्या सुट्टीत ती करून बघितली. मधोमध कात्रीने कापली, तर दोन तुकडे व्हायचे सोडून एकच मोठं कडं झालं. दुसरी पट्टी कडेपासून एक तृतीयांशावर कापत गेलो, तर एकमेकांत अडकलेली दोन कडी निघाली, एक लहान, एक दुप्पट. शेजारच्या मशीनवरचे दोघे-तिघे गोळा झाले. "काय करूलालास बे?" मग त्यांनीही केल्या. त्या दिवशी सुट्टी संपल्याची घंटा झाली तरी कुणी मशीनवर गेलं नाही आणि सुपरवायझरला पट्टी दाखवावी लागली.

पण खरी गंमत पुढे आहे. पट्टी हातात धरल्यावर मला आमच्या गावची पिठाची गिरणी आठवली. गिरणीवाले काका मोटारीचा चपटा पट्टा जोडताना त्याला अर्धा पीळ द्यायचे. लहानपणी विचारलं होतं, पट्टा वाकडा का जोडता? म्हणाले, "दोन्ही अंगानी झिजाय पायजे. न्हाईतर एकच बाजू खलास हुत्या." तिसरी नापास माणूस. मोबियस त्यांच्या बापजन्मी ऐकलेला नव्हता, पण पट्टा दुप्पट दिवस चालत होता. नारळीकरांच्या कथेला काकांची गिरणी माहीत नव्हती आणि काकांना कथा माहीत नव्हती. ती गाठ पडली ती उद्यमबागेत, माझ्या डोक्यात. वाचक म्हणून माझी एवढीच कमाई आहे आणि मला ती पुष्कळ वाटते.

हे सगळं कौतुक झालं. आता खटकतं तेही सांगतो, नाही तर तुम्हाला वाटेल हा भक्त आहे. मराठी विज्ञानकथेतला शास्त्रज्ञ बहुतेक वेळा पुण्या-मुंबईचा. फ्लॅटमध्ये राहतो, मित्राला बोलावतो, वहिनी चहा आणतात, आणि चहा निवेपर्यंत तो सगळा सिद्धांत समजावून सांगतो. मित्राचं काम "म्हणजे नक्की काय?" एवढं विचारायचं. यंत्र कुणी केलं, ते कुठल्या लेथवर कातलं, हे कथेत कधी येत नाही. प्रयोगशाळेत ते आपोआप तयार असतं. खानापूरच्या जंगलातला, निपाणीच्या तंबाखूच्या वखारीतला, घटप्रभेच्या काठावरचा माणूस या कथांत आला तर दार उघडायला येतो. आणि माहितीपर पुस्तकांपैकी काहींची भाषा अशी की मराठी वाचतोय की मंत्रपुष्पांजली, समजत नाही. पुंजयामिकी, अवरक्त प्रारण, वगैरे. बाळ फोंडके, निरंजन घाटे यांच्यासारख्यांनी सोपं लिहून दाखवलंय, तरी अजून काहींना वाटतं की शब्द अवघड झाला की विज्ञान खरं झालं.

माझ्या शेजारच्या मशीनवर गोकाकचा एक सहकारी आहे. कानडी वाचणारा. आमचं बोलणं निम्मं मराठी, निम्मं कानडी, मधे हिंदी. त्याने मला पूर्णचंद्र तेजस्वींची 'कर्वालो' ही १९८०ची कादंबरी जेवणाच्या सुट्टीत चार दिवस सांगितली. कर्वालो हा शास्त्रज्ञ, उडत्या सरड्याच्या शोधात रानात निघतो. आणि त्याच्या बरोबरीने असतो मंदण्णा, गावाने निकामी ठरवलेला माणूस, पण किडे-पाखरं त्याच्याइतकी कुणी निरखलेली नाहीत. शास्त्रज्ञाला त्याची किंमत कळते. ऐकताना मला आमचे गिरणीवाले काका दिसत होते. असा मंदण्णा आमच्या मराठी विज्ञानकथेत का नाही, हे मला त्या सहकाऱ्यापुढे सांगता आलं नाही. उलट त्यालाही माझ्याकडून काही मिळालं. गॅस कटिंगच्या नळकांड्याकडे बघून तो एकदा म्हणाला, आमच्या पुस्तकात ऑक्सिजनला 'आम्लजनक' म्हणतात, तुमच्यात? म्हटलं, प्राणवायू. तो जरा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, तुमचं नाव चांगलं आहे, पण आमचं नाव मूळ नाव ठेवणाऱ्याने जे ठेवलं त्याच अर्थाचं आहे. खरं आहे. लव्हॉझिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने ऑक्सिजन हे नाव ठेवलं ते 'आम्ल तयार करणारा' याच अर्थाने, आणि त्याची ती समजूत चुकीची ठरली. कानडीने नाव नेमकं उचललं, चुकीसकट. मराठीने आपल्या मनाने ठेवलं. दोन भाषांच्या सीमेवर राहण्याचा असाही फायदा असतो; त्यावर आपल्याकडे परिसंवाद होत नाहीत, एवढंच.

तुम्ही म्हणाल, संमेलनाला परंपरा असते. परंपराच बघू. कराडच्या १९७५च्या अखिल भारतीय संमेलनात दुर्गाबाई भागवतांनी अध्यक्षीय भाषणात नारळीकरांच्या विज्ञानकथेची दखल घेतली होती, तेव्हा त्यांचा संग्रहसुद्धा निघाला नव्हता. 'यक्षांची देणगी' आला १९७९ साली. २०२१ला नाशिकच्या संमेलनाचं अध्यक्षपद नारळीकरांनाच दिलं गेलं. तब्येतीमुळे त्यांना तिथे येता आलं नाही. २० मे २०२५ला ते गेले. त्यानंतरच्या हंगामात मी तुमच्या मंडपांत उभा राहून वाट बघितली. श्रद्धांजलीच्या यादीत त्यांचं नाव वाचलं गेलं. त्यांच्या कथेतलं एक पान कुणी वाचलं नाही.

आणि आपल्या बेळगावची परंपरा? अखिल भारतीय संमेलन इथे १९२९, १९४६ आणि २००० अशा तीन वेळा झालं. १९४६ला माडखोलकर अध्यक्ष होते आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, हे आपल्याकडे लहान पोरालाही सांगितलं जातं. ते सांगायलाच हवं. पण त्याच शहरात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलचं दुकान काढलं होतं, लोखंडी नांगर केले होते, आणि पुढे इथली जागा सोडावी लागली म्हणून १९१० साली ते औंध संस्थानात गेले. त्यांच्या कारखान्यातून १९२० साली 'किर्लोस्कर खबर' निघालं, यंत्रांच्या खबरी द्यायला निघालेलं मासिक, आणि बघता बघता ते अख्ख्या मराठीचं मासिक झालं. यंत्र आणि मराठी वाचन यांची सोयरीक जुळवणारं ते घराणं मूळ आपल्या गावातून उठून गेलेलं. आता त्याच गावात उद्यमबागेतल्या माणसाला साहित्य संमेलनात काम काय, असं कुणी विचारावं?

मागणं फार नाही. परिसंवादातल्या चार वक्त्यांपैकी एक कमी करा आणि त्या अर्ध्या तासात एक विज्ञानकथा मोठ्याने वाचून घ्या. भाषण नको, वाचन. वाचायला कुणी नट नसला तर चालेल. आमच्याकडे एक मोल्डर आहे, त्याचा आवाज भट्टीवर कमावलेला आहे, माईक लागणार नाही. कथा वाचून झाली की समोरच्या पोरांना कागदाच्या पट्ट्या द्या. कात्र्या मी आणतो. स्टॉलवाल्याला एवढंच सांगा की नारळीकरांना कथांच्या रांगेत ठेव. आणि बक्षीस समारंभात मुलांना जी पुस्तकं देता, त्यात थोरांच्या चरित्रांबरोबर एक तरी आकाशाचं असू दे.

दुसरी गोष्ट रात्रीची. तुमचं कविसंमेलन लांबत लांबत आठ-साडेआठला संपतं. जानेवारीत त्या वेळी मृग नक्षत्र चांगलं वर आलेलं असतं, खाली व्याध लखलखत असतो. मंडपाच्या हॅलोजनमुळे यातलं काही दिसत नाही. तेव्हा घरी जाण्याआधी पंधरा मिनिटं सगळे दिवे बंद करा. माझ्याकडे जुनी दुर्बीण आहे, साधी, दोन डोळ्यांची. मृगाच्या पोटातल्या तीन ताऱ्यांच्या खाली एक पुसट ढग तिच्यातून दिसतो. तो तेजोमेघ आहे, तिथे तारे जन्माला येतात, आणि आपल्या डोळ्यांत पडतो तो उजेड तिथून सुमारे १३०० वर्षांपूर्वी निघालेला आहे. म्हणजे याच कर्नाटकात, श्रवणबेळगोळला, गोमटेश्वराच्या पायाशी 'श्रीचावुंडराजें करवियलें' ही मराठी अक्षरं कोरली, त्याच्याही बराच आधी. हे मी तिथे उभा राहून सांगेन. पाच मिनिटांच्या वर बोलणार नाही.

जनरेटरवाल्याशी बोलायचं काम माझ्याकडे. तुम्ही फक्त तारीख ठरवताना एक बघा. पंचांग तर तुम्ही उघडताच; या खेपेला अमावास्येजवळची रात्र धरा. अमावास्येला कुणी शुभकार्य ठेवत नाही हे मला ठाऊक आहे, समितीतल्या जुन्या मंडळींना काय सांगायचं तेही तुम्हीच ठरवा. पण चांदणं असलं तर तो ढग नीट दिसत नाही.

आपला,
उद्यमबागेतला एक टर्नर,
बेळगाव